अठरा पौंडांचा दगड आणि विहिणींची पंगत

प्रिय मावशी,

मी एडिसनला राहते. यंदा थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे इथल्या आभाराच्या सणाचं, जेवण आमच्याकडे आहे. धाकट्या दिराचं मे महिन्यात लग्न झालं. जाऊ इथलीच, पेनसिल्व्हेनियाची. तिचे आईवडील, भाऊ-भावजय, त्यांची मुलं आणि आम्ही मिळून चौदा पानं. बटाटे, क्रॅनबेरी, गोड ‘पाय’ वगैरे बाकीचे आणतील, मुख्य पक्षी, टर्की, माझ्यावर. जन्मात कधी केलेली नाही. सेल होता म्हणून अठरा पौंडांची घेतली, ती गेले दहा दिवस गराजमधल्या डीप फ्रीझरमध्ये पडली आहे. हातात घेतली तर शुद्ध दगड. नवरा म्हणतो, बुधवारी रात्री ओट्यावर काढून ठेव, आई फ्रीझरमधलं मटण असंच काढून ठेवायची. शेजारीण म्हणते, टबात गरम पाणी सोड. मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवलाय, त्यात गोठलेली टर्की थेट तेलात सोडतात. गुरुवारी चारला जेवण आहे. काय करू?

– गोठलेली सूनबाई, न्यू जर्सी

ता. क. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. त्यांचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात आणि त्यांच्या कालनिर्णयात पहिला गुरुवार नेमका २७ नोव्हेंबरलाच आहे. टर्कीचं त्यांना अजून बोललेले नाही. ते बघेन मी काहीतरी.

———

गोठलेल्या सूनबाई,

तुझं पत्र काल शनिवारी रात्री उशिरा आलं. एरवी मी पत्रांना नंबराने उत्तर देते, पण तुझ्या टर्कीला तेवढी सवड नाही, म्हणून रविवारी सकाळी चहा बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. तूही एक कर. वाचायचं इथेच थांबव, गराजमध्ये जा आणि टर्की उचलून घरातल्या फ्रीजमध्ये आणून ठेव. सगळ्यात खालच्या कप्प्यात. उंची बसणार नाही, तेव्हा वरची एक काच काढावी लागेल, ती काढ. टर्कीचं प्लॅस्टिक फाडू नकोस. खाली उभ्या काठाचा ट्रे ठेव, नसेल तर परात चालेल. बर्फ सुटायला लागला की गुलाबी पाणी गळतं, आणि ते खालच्या खणातल्या कोथिंबिरीच्या जुडीवर उतरलं तर जुडी फेकायचीच. छातीची बाजू वर राहू दे.

ठेवलीस? आता निवांत वाच.

आधी हिशेब बघू. अमेरिकेचं कृषी खातं वर्षानुवर्षं एकच आकडा सांगत आलंय: फ्रीजमध्ये दर चार ते पाच पौंडांना चोवीस तास. अठराला पाचाने भागलं तर साडेतीन दिवसांच्या थोडं वर, चाराने भागलं तर साडेचार दिवस. आज सकाळी दहाला ठेवलीस आणि गुरुवारी सकाळी अकराला ओव्हनमध्ये घालायची म्हटलं तर हातात चार दिवस आणि एक तास. म्हणजे जमलं तर जमलं. तुझा फ्रीज चाळीस फॅरनहाइटच्या जेमतेम खाली असेल तर बहुतेक जमेल. चौतीस-पस्तीसवर लावून ठेवला असेल, तर शुक्रवारची पहाट उजाडेल. आणि जमावं म्हणून फ्रीजचं बटण चाळिसाच्या वर फिरवायचं नाही, हे आधीच सांगते, कारण तो विचार तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात येणार आहे.

एवढा वेळ का लागतो, हे एकदा समजलं की बाकीचे सगळे सल्ले तुझे तुलाच तपासता येतील. शाळेत सुप्त उष्णता शिकवली होती, आठवतंय? एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, पण एक ग्रॅम बर्फाचं नुसतं पाणी करायला, तेही शून्य अंशावरच, ऐंशी कॅलरी लागतात. टर्कीच्या मांसात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. तुझा पक्षी आठ किलोंच्या वर आहे, म्हणजे हाडं, कातडी, चरबी सोडून दिली तरी चार-पाच किलोंची बर्फाची लादी त्या प्लॅस्टिकमध्ये बसली आहे. वर आणखी एक गंमत. बर्फातून उष्णता जितकी पटकन आत जाते, तितकी ती वितळलेल्या पाण्यातून जात नाही. जवळजवळ चौपटीचा फरक आहे. त्यामुळे बाहेरचा थर सुटला, की तोच आतल्या बर्फाला गोधडीसारखा गुरफटून बसतो. सोमवारी-मंगळवारी तुला वाटेल की वा, तंगडी हलायला लागली, झालंच की! पण पोटाच्या पोकळीतला आणि छातीच्या हाडाजवळचा शेवटचा बर्फ सगळ्यात हट्टी असतो. तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. १९८७ साली ओहायोत मी पहिली टर्की केली. नवऱ्याच्या विभागातली पाच-सहा एकटी पोरं जेवायला यायची होती. चौदा पौंडांचीच टर्की, बुधवारी संध्याकाळी सिंकमध्ये काढून ठेवली आणि निर्धास्त झोपले. सकाळी बघते तर वरून मऊ, थोडी चिकट आणि वासही जरा ओशट. आत हात घातला तर मनगटापर्यंत गेला आणि बर्फाला टेकला. माना-काळजाची पुडी आत चिकटून बसलेली. मी केस वाळवायचं यंत्र आणलं. हो, हसू नकोस! अर्धा तास मी त्या पक्ष्याच्या पोटात गरम वारा सोडत बसले होते, आणि बोटं बधिर झाली तरी पुडी निघेना. शेवटी तशीच ओव्हनमध्ये ढकलली. संध्याकाळी सहाला बाहेर काढली तेव्हा छाती पुठ्ठ्यासारखी कोरडी आणि मांडी कापली तर हाडाजवळ लाल रक्त. पोरांनी आमटी-भात, बटाट्याची भाजी आणि बाजारचा पंपकिन पाय खाल्ला. तो सगळा पक्षी कचऱ्यात गेला. आज मला कळतं की तो गेला हेच बरं झालं.

तर आता तुझ्या सल्लागारांकडे येऊ.

नवरा म्हणतो ते त्याच्या आईच्या मटणाबाबत खरं आहे. किलोभर मटण, तेही तुकडे केलेलं, ओट्यावर दोन तासांत सुटतं आणि लगेच कुकरमध्ये जातं. टर्की रात्रभरात बाहेरून खोलीच्या तापमानाला येते आणि आतून दगडच राहते. चाळीस ते एकशे चाळीस फॅरनहाइट ही जंतूंची चंगळ. साल्मोनेलासारखे जंतू तिथे वीस-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. ‘पण शेवटी भाजणारच ना’ असं तो म्हणेल. भाजून जंतू मरतात, पण काही जंतू मरण्याआधी जे विष टाकून जातात ते भाजून जात नाही. गरम पाण्याच्या टबाला हेच सगळं लागू आहे, फक्त आणखी वेगाने. शिवाय त्या टबात नंतर पोरांना आंघोळी घालायच्या आहेत.

यानंतर तो म्हणेल, ‘मग गराजमध्ये जमिनीवर ठेवू, बाहेर थंडीच आहे की.’ न्यू जर्सीतल्या नोव्हेंबरात दुपारी पन्नासच्या आसपास पारा असतो, रात्री तिशीत उतरतो, आणि गराजच्या दारावर ऊन आलं की आतलं काही सांगता येत नाही. त्यात रॅकूनसारखी चोरटी जनावरं. नको.

तेलात सोडायच्या व्हिडिओबद्दल मी एकच विचारते: ओली मिरची तळायला टाकली की काय होतं? पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. पोटात बर्फ असलेली टर्की उकळत्या तेलात सोडली तर तेल पातेल्यातून उसळून खालच्या शेगडीवर येतं आणि पुढे आगीचा लोळ. इथली अग्निशमन दलं नोव्हेंबरात मोकळ्या मैदानात हे मुद्दाम करून दाखवतात, लोकांनी घरी करू नये म्हणून. तो व्हिडिओ पुसून टाक आणि मैत्रिणीलाही कळव.

मायक्रोवेव्हचं तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी सुचवेलच. अठरा पौंडांची आत मावणारच नाही. विषय संपला.

घाईच्या वेळी चालणारा रस्ता एकच, थंड पाण्याचा. हवेपेक्षा पाणी वीसपटीहून जास्त चांगली उष्णता वाहून नेतं. महाबळेश्वरच्या गार हवेत आपण शाल घेऊन फिरतो, पण त्याच गारव्याच्या पाण्यात पाय घातला की किंचाळतो, तेच हे. हिशेब पौंडाला अर्धा तास. पूर्ण गोठलेली अठरा पौंडांची टर्की नऊ तास मागेल, थोडा बर्फ उरलेली दोन-तीन तासांत आटपेल. टर्की प्लॅस्टिकसकट पूर्ण बुडाली पाहिजे, छाती खाली. प्लॅस्टिकला भोक असेल तर वरून दुसरी घट्ट पिशवी चढव, नाहीतर पाणी आत शिरून मांस स्पंजासारखं पाणचट होतं. पाणी नळाचं, थंडच. दर अर्ध्या तासाने ओतून नवं भरायचं. हे शेवटचं वाक्य लोक वाचतात आणि विसरतात. मोबाइलला गजर लाव. आणि पाण्यात सोडवलेली टर्की परत फ्रीजमध्ये ठेवून ‘उद्या करू’ म्हणायचं नाही, ती पाण्यातून निघाली की ओव्हनकडेच जाते. फ्रीजमध्ये सुटलेली मात्र पुढे एक-दोन दिवस तिथेच सुखाने राहते. या फरकाकडे आपल्याला परत यायचं आहे.

आता तुझा ता. क.

मुली, तू पत्रभर टर्कीचा बर्फ विचारलास आणि घरातला बर्फ ता. क.मध्ये टाकलास. ‘बघेन मी काहीतरी’ म्हणजे काय बघणार आहेस? गुरुवारी सकाळी सासूबाई घट मांडतील, पाच पानांच्या डहाळ्या लावतील, दिवसभर उपास करतील, संध्याकाळी कहाणी वाचून नैवेद्य दाखवतील. त्याच वेळी दहा फुटांवर तुझा ओव्हन चार तास भाजल्या पक्ष्याचा वास सोडत असेल. आणि आज, आत्ता, ती टर्की त्याच फ्रीजमध्ये आली आहे जिथून त्या देवाचं दूध काढतात. त्यांना आज दुपारीच दिसणार आहे. परातीसकट.

त्या मटण करणाऱ्या सांगलीच्या आहेत. मांसाहाराचं त्यांना वावडं नाही, गुरुवारचं आहे. त्यामुळे लपवाछपवी करण्यासारखं मुळात काही नाहीच. आज जेवण झाल्यावर त्यांच्याजवळ बस आणि आधी एवढंच विचार: आई, तुमचं गुरुवारपुरतं असतं की महिनाभर? काही घरांत मार्गशीर्ष पूर्ण पाळतात, काही घरांत चार गुरुवारच. या उत्तरावर पुढचं बरंच ठरेल. मग सांग की जाऊबाईंच्या माहेरची माणसं येणार आहेत आणि त्यांच्याकडे हा मोठा सण आहे. एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल: जाऊबाईंची आई ही सासूबाईंची विहीण. लग्नानंतर पहिल्यांदा विहीण घरी जेवायला येते आहे. विहिणींची पंगत काय असते हे सांगलीच्या बाईला तू-मी सांगायला नको. त्यांना आदल्या दिवशी कळलं तर त्या मनातून दुखावतील. आज कळलं तर पाटाभोवती रांगोळी काढायला स्वतः बसतील.

आता माझं म्हणणं ऐक. जेवण शुक्रवारी ठेव.

दचकू नकोस. इथल्या लग्न झालेल्या जोडप्यांना दोन-दोन घरं असतात. गुरुवारी एकीकडे आणि शुक्रवारी-शनिवारी दुसरीकडे हे कितीतरी अमेरिकन घरांत चालतं. जाऊबाईंचे आईवडील गाडीनेच येणार असतील, विमानाची तिकिटं आडवी येणार नाहीत. त्यांच्या मुलाच्या सासरीही गुरुवारी बोलावणं असेल, कुणी सांगावं. जाऊबाईंना आजच फोन लाव आणि सरळ खरं कारण सांग: आमच्या सासूबाईंचा गुरुवारी उपास आणि लक्ष्मीची पूजा आहे, त्या दिवशी घरात मांसाहार शिजत नाही, तर शुक्रवारी चारला जमेल का? आभार मानायच्या सणाला हे कारण सांगायची लाज वाटायचं काही कारण नाही. उलट गुरुवारी संध्याकाळी विहीणबाईंना पूजेला बोलाव, हळदीकुंकू लाव, फळ हातात दे. त्यांना ते टर्कीपेक्षा जास्त लक्षात राहील, असा माझा अनुभव आहे.

आणि दिवस हलवणं हे काही पाप नाही. खुद्द अध्यक्षांनीच तो एकदा हलवला होता. लिंकन यांनी १८६३ साली नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार ठरवून दिला आणि पुढे तीच रीत पडली. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. शेवटचा ३० तारखेला. ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून व्यापाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे ओढला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी साफ नाही म्हटलं, आणि देशात दोन थँक्सगिव्हिंग झाली. हा घोळ पुढची दोन वर्षंही चालला. शेवटी १९४१ साली काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदाच केला की चौथा गुरुवार. दुकानदारांसाठी आठवडा सरकतो, तर विहिणीसाठी एक दिवस सरकायला हरकत नसावी.

शुक्रवार ठरला तर बर्फाचा प्रश्नही मिटतो, बघ. आज दहापासून शुक्रवारी अकरापर्यंत पाच दिवस आणि एक तास. चाराने भागलेले साडेचार दिवसही त्यात बसतात. समज टर्की गुरुवारीच पूर्ण सुटली, तरी मघाशी म्हटलं तसं फ्रीजमध्ये सुटलेली टर्की एक दिवस आणखी थांबते. गुरुवारी दुपारभर तुला फ्रीजचं दारही उघडायला नको.

सासूबाईंना त्याच फ्रीजमध्ये टर्की नको असेल, तर देवाचं दूध, दही, फळं त्यांच्यासाठी वेगळी काढ. तुमच्या गराजमध्ये जुना फ्रीज असेल तर त्यात टर्की हलव, पण आधी आत थर्मामीटर ठेवून तासाभराने बघ. पाच-सात डॉलरला मिळतो. फ्रीज नसेल आणि जेवणाला गुरुवारच धरायचा झाला, तर घट वरच्या मजल्यावर मांडायचा पर्याय सासूबाईंपुढे ठेव. ठेव म्हणते, ठरव नाही.

गुरुवारच राहिला तर वेळ अशी सांभाळायची. बुधवारी रात्री झोपण्यापूर्वी टर्कीची तंगडी हलवून बघ, प्लॅस्टिकवरून छाती दाबून बघ. गुरुवारी पहाटे साडेपाचला पुन्हा. अजून खळखळ असेल किंवा छाती मधोमध टणक लागत असेल तर सहाला थंड पाण्यात. सिंक अडवू नकोस, सासूबाईंची पूजेची भांडी तिथे असतील. सहलीला नेता तो मोठा कूलर घे, लॉन्ड्रीच्या खोलीत ठेव आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदल. नऊ-साडेनऊला निघेल. अकराला ओव्हनमध्ये, ३२५ फॅरनहाइटवर. अठरा पौंडांना, पोटात सारण न भरता, सव्वाचार तासांच्या आसपास. सव्वातीनला बाहेर, अर्धा तास तशीच झाकून ठेव म्हणजे रस आत मुरतो, चारला कापायला घे.

आणि समज सगळंच फसलं. बुधवारी रात्री कळलं की टर्की अजून दगडच आहे, किंवा असलंच काही. तेव्हाही दोन वाटा आहेत. एक, दुकानातून ताजी टर्की आणायची. लेबलवर ‘फ्रेश’ लिहायचं असेल तर ती कधीही २६ फॅरनहाइटच्या खाली गेलेली नसावी असा इथला नियम आहे, म्हणजे ती दगड नसते. महाग पडते, पण त्या रात्री तुला महागाई सुचणार नाही. दुसरी वाट बहुतेकांना माहीतच नसते: गोठलेली टर्की तशीच ३२५ वर ओव्हनमध्ये घालता येते. फक्त वेळ दीडपट. तुझ्या पक्ष्याला साडेसहा तास धर. भाजता भाजता आतला बर्फ सुटला की चिमट्याने आतली पुडी ओढून काढायची. चव जरा साधी येते, कारण बर्फाला मसाला चिकटत नाही, पण ती सुरक्षित असते. हे ओव्हनपुरतंच, तेलात किंवा बार्बेक्यूवर नाही.

मसाल्यावरून आठवलं. तू ती टर्की दोन पाण्यांनी धुवायला जाणार आहेस. माहितीये मला. आपल्याकडे मटण-चिकन धुतल्याशिवाय हात पुढे जात नाही. पण नळाखाली आठ किलोंचा पक्षी फिरवला की त्याचे शिंतोडे चिरून ठेवलेल्या काकडीपासून पाण्याच्या तांब्यापर्यंत सगळीकडे जातात, आणि जंतू धुऊन जात नाहीत, पसरतात. धुवू नकोस. कागदी टॉवेलने आतून-बाहेरून खडखडीत पुसून घे. मग हवी तर हळद लाव, आलं-लसूण लाव, कातडीखाली बोटं घालून लोणी लाव. मिठाच्या बाबतीत आधी लेबल वाच. बऱ्याच गोठलेल्या टर्कींना कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, टक्क्यांत लिहिलेलं असतं. तशी असेल तर मिठाचा हात आखडता घे, नाहीतर ग्रेव्ही समुद्राची होईल.

झाली की नाही हे रंगावरून ठरवायचं नाही, आणि छातीत खोचलेलं ते लाल बटण वर येण्यावरही विसंबायचं नाही. मांसाचा थर्मामीटर मांडीच्या आतल्या बाजूला, पंखाच्या मुळाशी आणि छातीत सगळ्यात जाड जागी टोच, हाडाला न टेकवता. तिन्ही ठिकाणी १६५. शेवटचा बर्फ जिथे होता तिथेच सगळ्यात उशिरा १६५ येतं, हे तुला आता सांगायला नको.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत हाडांवरून काढून उथळ डब्यांत फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस चांगलं राहतं. हाडं टाकू नकोस. सासूबाईंचं गुरुवारपुरतंच असेल तर रविवारी ती हाडं त्यांच्या हवाली कर आणि पांढऱ्या रश्श्याचं नाव काढ. खोबरं, खसखस, काजू घरात आहेत का तेवढं आज बघून ठेव. टर्कीचा पांढरा रस्सा जगात फारसा कुणी केला नसेल. मला वाटीभर डब्यात घालून दे, मी वीस मिनिटांवर राहते.

जाता जाता थोडं भाषेचं, कारण जेवताना कुणीतरी विचारेलच की तुमच्याकडे या पक्ष्याला काय म्हणतात. हा पक्षी अमेरिकेचा, इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, आणि खुद्द तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा! पोर्तुगीज त्याला म्हणतात पेरू. सासूबाईंना सांग, पेरू भाजतेय म्हणून. निदान हसतील.

आणि आत दोन पुड्या असतात, एक नाही. एक पोटाच्या पोकळीत, मान बहुधा तिथेच. दुसरी मानेकडच्या कातडीच्या घडीखाली, तिच्यात काळीज-पेटं. पहिली सापडली की माणूस निश्चिंत होतो आणि दुसरी तशीच भाजली जाते. कागदी असेल तर निभावतं. प्लॅस्टिकची असून आत वितळली, तर सगळी टर्की टाकावी लागते. तेव्हा बर्फ सुटल्यावर दोन्ही तोंडांनी हात घाल, अगदी मनगटापर्यंत, आणि पुड्या मोज.

तुझी,
मावशी